रेड ॲरेतून काढलेली एसएसडी पुसूनही जुन्या ॲरेची सदस्य म्हणून परत येते: कारणे आणि उपाय

रेड ॲरे, म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून केलेला संच, कोलमडल्यानंतर त्यातील एखादी एसएसडी धडधाकट दिसते, म्हणून ती दुसऱ्या संगणकात बसवली जाते, तिच्यावर नवे पार्टिशन टेबल लिहिले जाते, फॉरमॅटही विनातक्रार पार पडतो. आणि पुढच्या बूटनंतर नव्या फाइल सिस्टीमच्या जागी 'एमडी१२७' नावाचा, कोणी न मागितलेला अर्धवट ॲरे उभा असतो. लिनक्सवर ही तक्रार वारंवार येते. इतरत्र तिची रूपे वेगळी असतात: हार्डवेअर रेड कंट्रोलर तीच एसएसडी 'फॉरेन' म्हणून बाजूला ठेवतो, किंवा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती दिसतच नाही. वापरकर्ता ती पुन्हा पुसतो, काही काळ सारे सुरळीत चालते आणि रीस्टार्टनंतर जुने सदस्यत्व परत येते.

यावर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे 'संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहा'. त्याने मेटाडेटा, म्हणजे ॲरेची ओळख सांगणारी नोंद, बहुधा जातो हे खरे. पण एसएसडीची एक पूर्ण लेखनफेरी खर्च होते, वापरकर्त्याला न दिसणाऱ्या राखीव ब्लॉकमधील जुना डेटा तसाच राहतो, आणि ती एसएसडी मुळात ॲरेबाहेर का पडली हा महत्त्वाचा प्रश्न अनुत्तरितच राहतो. माझ्या मते अशी एसएसडी पुन्हा वापरण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने मिळवली पाहिजेत: ती बाहेर का पडली, आणि तिची जुनी ओळख तिच्यावर नेमकी कुठे कुठे लिहिलेली आहे. पहिल्याचे उत्तर 'एसएसडीच खराब आहे' असे निघाले, तर दुसऱ्यावर वेळ घालवण्याचे कारण उरत नाही.

पुसण्याआधी थांबण्याची एक जागा

ॲरेतील डेटा दुसरीकडे सुरक्षित आहे आणि तो प्रत्यक्ष उघडून पाहिलेला आहे, याची खात्री होईपर्यंत कोणताही जुना सदस्य पुसू नये. रेड ५ मध्ये एक ड्राइव्ह गेला तरी ॲरे चालत राहतो आणि दुसरा गेला की थांबतो. अशा वेळी शेवटी बाहेर पडलेल्या ड्राइव्हवरील डेटा जवळजवळ ताजा असतो, आणि पुनर्प्राप्तीची सारी आशा पुष्कळदा त्याच्यावरच असते. लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या साधनाच्या 'एक्झॅमिन' आदेशाने प्रत्येक सदस्याचा इव्हेंट क्रमांक (ॲरेत बदल होतील तसा वाढणारा) आणि शेवटच्या नोंदीची वेळ कळते. ज्याचा क्रमांक इतरांच्या जवळ आहे तो सदस्य सक्तीने ॲरे जोडताना उपयोगी पडू शकतो, ज्याचा फार मागे आहे तो शिळा झालेला असतो.

हा शिळेपणा निरुपद्रवी नसतो. रेड १ मधून पूर्वी बाहेर पडलेली एसएसडी म्हणजे त्या दिवसापर्यंतची संपूर्ण प्रत असते, आणि तिच्यावरील फाइल सिस्टीमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) चालू फाइल सिस्टीमसारखाच असतो. ती त्याच यंत्रात न पुसता पुन्हा लावली, तर बूट होताना चालू प्रतीऐवजी जुनी प्रत माउंट होण्याचा धोका खरा आहे. नव्या नोंदी जुन्या प्रतीवर जाऊ लागतात आणि ही गोष्ट लगेच कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तपासणी शक्यतो वेगळ्या यंत्रावर करावी आणि तेथे एमडीएडीएमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'ऑटो -ऑल' ही ओळ तात्पुरती घालून आपोआप होणारी जोडणी बंद ठेवावी.

ती बाहेर का पडली

कंट्रोलर किंवा लिनक्समध्ये रेड चालवणारा एमडी ड्रायव्हर एखाद्या सदस्याला बाहेर काढतो, तेव्हा तो सदस्य निकामी झाला असे निदान त्याने केलेले नसते. सदस्याने ठरलेल्या मुदतीत उत्तर दिले नाही, किंवा लेखन अयशस्वी झाल्याचे कळवले, एवढेच त्याला ठाऊक असते. लिनक्समध्ये स्कझी स्तरावरील (ड्राइव्हला आदेश पोहोचवणाऱ्या भागातील) आदेशाची मुदत मुळात ३० सेकंदांची असते. ती उलटली की आधी लिंक रीसेट होते आणि तेवढ्याने भागले नाही तर ड्राइव्ह ऑफलाइन जातो. अशी दिरंगाई एसएसडीच्या आतील बिघाडामुळे होते, तशीच सैल केबल, खराब बॅकप्लेन (ड्राइव्ह जिच्यात बसवतात ती पाटी), कमी पडणारा वीजपुरवठा किंवा कंट्रोलरच्या फर्मवेअरमुळेही होते. कर्नल लॉगमध्ये एकाच क्षणी दोन-तीन सदस्य गेलेले दिसले, तर संशय आधी त्यांच्या सामायिक भागांवर घ्यावा.

यानंतर स्मार्ट नोंदी, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेले आकडे, पाहाव्यात. ड्राइव्ह हार्डवेअर कंट्रोलरच्या मागे असेल तर त्या थेट दिसत नाहीत. मेगारेड घराण्यातील कंट्रोलर असल्यास त्या वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या साधनाला '-डी मेगारेड' या पर्यायासोबत ड्राइव्हचा क्रमांक द्यावा लागतो. साटा एसएसडीमध्ये १९९ क्रमांकाची नोंद, म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर काउंट, केबल आणि जोडणीविषयी बोलते. हा आकडा एकदा चढला की खाली येत नाही, त्यामुळे तो शून्य नाही म्हणून घाबरू नये. केबल बदलून, भरपूर वाचन-लेखन करून तो आणखी वाढतो का हे पाहावे. ५ क्रमांकाची नोंद बदललेल्या सेक्टरांची आणि १८७ क्रमांकाची नोंद दुरुस्त न झालेल्या चुकांची असते, आणि या दोन्हींचा संबंध फ्लॅश मेमरीशीच असतो. झिजेची नोंद मात्र उत्पादकानुसार बदलते: सॅमसंगच्या साटा एसएसडीमध्ये ती १७७ वर आढळते, इंटेलच्या २३३ वर. एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये हा गोंधळ नाही. तेथे 'पर्सेंटेज यूज्ड', 'अव्हेलेबल स्पेअर' आणि 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' ही नावे प्रमाणित आहेत. 'पर्सेंटेज यूज्ड' १०० झाले म्हणजे उत्पादकाने गृहीत धरलेले आयुष्य संपले, ड्राइव्ह संपला असे नव्हे. हा आकडा १०० च्या पुढेही जातो. 'अव्हेलेबल स्पेअर' सोबत दिलेल्या उंबरठ्याखाली गेले असेल, तर मात्र तो ड्राइव्ह पुन्हा वापरण्याचा विचार सोडून द्यावा.

एक गोष्ट एसएसडीच्या ॲरेंना विशेषकरून लागू पडते आणि ती पुरेशी बोलली जात नाही. रेड १ मधील दोन्ही बाजूंना अगदी सारखेच लेखन मिळते, त्यामुळे एकाच वेळी घेतलेल्या, एकाच मॉडेलच्या दोन एसएसडी जवळपास एकाच सुमारास झिजतात. फर्मवेअरमधील दोष तर याहून निष्ठुर असतात. हेवलेट पॅकार्ड एंटरप्रायझने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केले की त्यांच्या काही सॅस (सर्व्हरमध्ये वापरली जाणारी जोडणी) एसएसडी ३२,७६८ तासांच्या वापरानंतर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, कायमच्या बंद पडतात. मार्च २०२० मध्ये आणखी काही मॉडेलांबाबत ४०,००० तासांची अशीच सूचना निघाली. दोन्हींवर उपाय एकच होता, तो क्षण येण्याआधी फर्मवेअर बदलणे. सगळे सदस्य एकाच दिवशी चालू केलेल्या ॲरेत अशा दोषापुढे रेडचे संरक्षण शून्य होते. म्हणून पुनर्वापराआधी एकूण चालू तास पाहावेत, मॉडेल आणि फर्मवेअर आवृत्ती टिपून घ्यावी आणि उत्पादकाच्या सूचना वाचाव्यात.

क्षमता विचित्र दिसत असेल तर तोही एक धागा आहे. इंटेल ३२० मालिकेतील एसएसडी अचानक वीज गेल्यावर अवघी ८ मेगाबाइट क्षमता दाखवू लागत, आणि २०११ मध्ये फर्मवेअर सुधारून तो दोष दूर करण्यात आला. क्षमता थोडीशीच कमी असेल, तर होस्ट प्रोटेक्टेड एरिया (डिस्कचा मुद्दाम लपवलेला भाग) लावलेला असण्याची शक्यता पाहावी. एचडीपार्म या लिनक्स साधनाचा '-एन' पर्याय दिसणारे आणि प्रत्यक्ष सेक्टर शेजारी शेजारी दाखवतो. 'डिस्क लहान आहे' म्हणून नवा ॲरे तिला नाकारतो, तेव्हा कारण कधी कधी एवढेच असते.

तपासणीत दोष केबलचा निघाला, एसएसडी निर्दोष ठरली आणि जुना ॲरे अजून चालू असेल, तर पुसण्याची गरजच नाही. ॲरेवर राइट-इंटेंट बिटमॅप (कोणत्या भागात लेखन झाले याची नोंद) असल्यास एमडीएडीएमच्या 'री-ॲड'ने फक्त मधल्या काळात बदललेला भाग पुन्हा जुळवला जातो.

जुनी ओळख नेमकी कुठे असते

पुसलेले सदस्यत्व परत येण्याचे मूळ येथे आहे. 'डिस्कच्या सुरुवातीचा थोडा भाग पुसला की झाले' ही समजूत चुकीची आहे, कारण वेगवेगळ्या प्रणाली आपली ओळख वेगवेगळ्या ठिकाणी लिहितात. एमडीच्या मेटाडेटाची १.२ ही सध्याची प्रचलित आवृत्ती सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर असते, १.१ अगदी सुरुवातीला, तर १.० आणि जुनी ०.९० या दोन्ही शेवटाजवळ. इंटेलच्या मदरबोर्डवरील रेड आणि अनेक हार्डवेअर कंट्रोलर वापरतात तो डीडीएफ नमुना यांची मुख्य नोंदही डिस्कच्या शेवटी असते. जीपीटी पार्टिशन टेबलाची दुसरी प्रत अखेरच्या सेक्टरांत असते. झेडएफएस ही फाइल सिस्टीम तर २५६ किलोबाइटची चार लेबले ठेवते, दोन पुढे आणि दोन मागे. सुरुवातीचे काही मेगाबाइट शून्य करणाऱ्याला यातील निम्म्या गोष्टी दिसतच नाहीत.

याहूनही जास्त वेळा फसवणारा प्रकार पार्टिशनचा आहे. जुना ॲरे पूर्ण डिस्कचा नसून पहिल्या पार्टिशनचा असेल, तर त्याचा सुपरब्लॉक, म्हणजे ॲरेची ओळख-नोंद, त्या पार्टिशनच्या आत असतो. पार्टिशन टेबल पुसले की पार्टिशन नाहीसे होते, सुपरब्लॉक जागेवरच राहतो. आजची जवळजवळ सर्व साधने पहिले पार्टिशन १ मेगाबाइटच्या सीमेवर सुरू करतात. त्यामुळे नवे टेबल लिहिताच नवे पार्टिशन जुन्याच जागी सुरू होते, सुपरब्लॉक पुन्हा अपेक्षित अंतरावर सापडतो आणि लिनक्समध्ये नवी डिव्हाइसे ओळखणारा यूडेव्ह त्याच क्षणी ॲरे जोडू लागतो. पुसणाऱ्याला वाटते की नोंद परत आली. ती गेलेलीच नव्हती.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम त्या एसएसडीवर उभे असलेले सारे उतरवावे: माउंट, स्वॅप, एलव्हीएमचे व्हॉल्यूम ग्रुप आणि शेवटी 'एमडीएडीएम स्टॉप'ने स्वतः ॲरे. 'डिव्हाइस बिझी' हा संदेश बहुतेक वेळा या पायरीतील उणीव दाखवतो. डिव्हाइस मॅपर किंवा मल्टिपाथने तिला धरून ठेवले आहे का, हे डिव्हाइसांची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके आदेशाच्या झाडात लगेच दिसते. सक्तीचा पर्याय देऊन चालू ॲरेखालून सुपरब्लॉक पुसू नये, कारण कर्नलच्या स्मृतीत त्याची प्रत असते आणि ॲरेची स्थिती बदलताच तो ती पुन्हा डिस्कवर लिहितो. ॲरे थांबल्यावर, पार्टिशन टेबल अजून शाबूत असतानाच, आधी प्रत्येक पार्टिशनवर आणि मग पूर्ण डिव्हाइसवर 'झिरो-सुपरब्लॉक' आणि 'वाइपएफएस -ए' चालवावे. वाइपएफएस कोणत्याही पर्यायाविना चालवले तर ते काहीही न पुसता सापडलेल्या खुणांची यादी देते. ती यादी पुसण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा पाहावी. जीपीटीच्या दोन्ही प्रती 'एसजीडिस्क'च्या 'झॅप-ऑल'ने जातात, झेडएफएससाठी झेडपूलचा 'लेबलक्लिअर' आहे.

विंडोजमध्ये डिस्कपार्टचे 'क्लीन' पार्टिशनची माहिती काढते, पण एसएसडी स्टोरेज स्पेसेसच्या (विंडोजच्या ड्राइव्ह एकत्र करण्याच्या सोयीच्या) पूलमध्ये असेल तर आधी पॉवरशेलमधून तिला पूलबाहेर काढणे किंवा 'रीसेट-फिजिकलडिस्क' चालवणे आवश्यक असते. 'क्लीन ऑल' प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते, तेव्हा एसएसडीवर ते टाळावे.

एवढे करूनही रीस्टार्टनंतर नेमकी तीच जुनी नोंद दिसली, तर एक वेगळी आणि गंभीर शक्यता उरते. काही एसएसडी राखीव ब्लॉक संपल्यावर केवळ-वाचन अवस्थेत जातात. काही मॉडेले लेखन नाकारल्याचे स्पष्ट कळवतात, काही मात्र ते स्वीकारल्यासारखे दाखवतात, आणि वीज बंद करून पुन्हा सुरू केल्यावर डिस्क जशीच्या तशी जुनी असते. याची खात्री सहज करता येते: डिस्कच्या मध्यावर ओळखता येईल असा मजकूर लिहावा, यंत्राची वीज पूर्ण बंद करावी, पुन्हा सुरू करून तोच भाग वाचावा. मजकूर टिकला नसेल तर कोणत्याही आदेशाने ही एसएसडी वापरण्याजोगी होणार नाही.

कंट्रोलर, ५२० बाइट आणि कुलूप

हार्डवेअर कंट्रोलर दुसऱ्या कंट्रोलरवरून आलेल्या सदस्याला 'फॉरेन' म्हणतो आणि आयात किंवा पुसणे असे दोन मार्ग देतो. डेटा नको असेल तर पुसणे निवडावे. कंट्रोलरच्या स्टोरसीएलआय या साधनात फॉरेन नोंदी आधी पाहण्याची आणि मग काढण्याची सोय आहे. त्याच कंट्रोलरला इतर फॉरेन सदस्य जोडलेले असतील तर हा आदेश त्यांच्याही नोंदी पुसू शकतो, हे विसरू नये. 'अनकॉन्फिगर्ड बॅड' ही अवस्थाही कंट्रोलरचे मत असते, स्मार्टचा निष्कर्ष नसतो. कारण शोधल्यानंतरच ती 'गुड' करावी.

मोठ्या स्टोरेज प्रणालीतून आलेल्या सॅस एसएसडीची क्षमता कधी शून्य दिसते, कारण तिचे सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असतात. 'एसजी-फॉरमॅट'ने आकार ५१२ करता येतो. मध्ये वीज जाऊ देऊ नये. जुन्या कंट्रोलरने एन्क्रिप्शनचे कुलूप लावलेले असेल आणि किल्ली उपलब्ध नसेल, तर ओपल (स्वतः एन्क्रिप्शन करणाऱ्या ड्राइव्हचे) प्रमाण पाळणाऱ्या ड्राइव्हच्या लेबलवर छापलेला ३२ अक्षरांचा पीएसआयडी वापरून तो मूळ स्थितीत आणता येतो. त्यात सर्व डेटा जातो.

पूर्ण पुसणे

नुसत्या खुणा काढून एसएसडी चालू होते, तरी मी तेवढ्यावर थांबू नये असे म्हणेन, आणि गोपनीयता हे त्याचे एकमेव कारण नाही. अनेक रेड कंट्रोलर ट्रिम आदेश, म्हणजे कोणते ब्लॉक मोकळे झाले हे कळवणारा आदेश, एसएसडीपर्यंत पोहोचू देत नाहीत; लिनक्सच्या रेड ५ आणि ६ मध्येही तो मुळात बंद असतो, प्रशासकाने मॉड्यूलचा पर्याय देऊन चालू करावा लागतो. परिणामी ॲरेत राहिलेल्या एसएसडीला आपले सर्व ब्लॉक भरलेलेच आहेत असे वाटत असते, तिला मोकळी जागा शोधताना सतत डेटा हलवावा लागतो आणि लेखन मंदावते. 'ही एसएसडी हळू झाली आहे' या तक्रारीमागे पुष्कळदा झीज नसून हेच असते, आणि संपूर्ण पुसल्यावर वेग परत येतो.

साटा एसएसडीसाठी एटीए सिक्युअर इरेज हा आदेश आहे. एचडीपार्मच्या '-आय' पर्यायात 'नॉट फ्रोझन' दिसले पाहिजे. 'फ्रोझन' दिसल्यास यंत्र स्लीपमध्ये नेऊन परत जागे केले की बहुधा अडसर दूर होतो. आधी तात्पुरता पासवर्ड लावावा लागतो, आणि पुसणे पूर्ण झाल्यावर तो आपोआप निघतो. काम मध्येच तुटले तर मात्र एसएसडी त्याच पासवर्डने बंद राहते, तेव्हा तो साधा ठेवावा आणि लिहून ठेवावा. हे काम यूएसबी ॲडॅप्टरमधून करू नये, थेट साटा पोर्टवर करावे. एनव्हीएमई ड्राइव्हसाठी 'फॉरमॅट' आदेशातील 'एसईएस' १ म्हणजे डेटा पुसणे आणि २ म्हणजे एन्क्रिप्शनची किल्ली नष्ट करणे. 'सॅनिटाइझ' याहून कडक आहे: एकदा सुरू झाले की वीज गेली तरी परत आल्यावर पुढे चालू होते. बूटगणिक एनव्हीएमईचे क्रमांक बदलू शकतात, म्हणून यातील कोणताही आदेश देण्याआधी डिव्हाइसचे नाव नव्हे तर सीरियल क्रमांक ताडून पाहावा. सर्व ब्लॉक मोकळे झाले असे एसएसडीला कळवणारा 'बीएलकेडिस्कार्ड' आदेश झटपट आणि सोयीचे आहे, पण त्यानंतर प्रत्येक एसएसडी शून्येच वाचून देईल अशी हमी नसते.

पुन्हा कामाला लावण्यापूर्वी

स्मार्टची दीर्घ स्वचाचणी करावी, नंतर एफआयओ या चाचणी-साधनाने संपूर्ण क्षमतेवर एकदा लेखन करून पडताळणीसह वाचावे. बॅडब्लॉक्सची लेखन-चाचणी मूळ स्वरूपात चार वेगवेगळे नमुने लिहिते. एसएसडीवर एक नमुना पुरेसा आहे. चाचणीआधी आणि नंतर ५, १८७ आणि १९९ या नोंदी, किंवा एनव्हीएमईच्या मीडिया चुका, शेजारी शेजारी मांडून तुलना करावी. एसएसडी वीज नसताना दीर्घकाळ कपाटात पडून होती आणि जुना डेटा वाचताना चुका आल्या, तर त्या चुका एवढ्यावरूनच बिघाडाच्या ठरवू नयेत: जेडेक २१८ या प्रमाणानुसार आयुष्य संपत आलेल्या ग्राहक-श्रेणीच्या एसएसडीने ३० अंश सेल्सियसला एक वर्ष डेटा टिकवणे अपेक्षित असते, आणि सर्व्हर-श्रेणीच्या एसएसडीने ४० अंशांना फक्त तीन महिने. ताजे लेखन करून घेतलेल्या चाचणीचा निकाल अधिक विश्वसनीय असतो.

दुरुस्त न झालेल्या चुकांमुळे बाहेर पडलेली एसएसडी नंतरच्या चाचणीत निर्दोष ठरली, तरी ती दुसऱ्या ॲरेची सदस्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुनर्बांधणीच्या काळात उरलेल्या सदस्यांवर सर्वाधिक वाचनाचा ताण येतो, आणि नेमक्या त्या वेळी ती पुन्हा गप्प झाली तर संपूर्ण ॲरे जातो. पुन्हा निर्माण करता येणाऱ्या तात्पुरत्या फाइलींसाठी, बिल्डसाठी किंवा वाचनाच्या कॅशसाठी ती वापरता येईल. केबल किंवा बॅकप्लेनमुळे बाहेर पडलेल्या एसएसडीला हा निर्बंध लागू नाही.

शेवटी यंत्राकडेही पाहावे. जुन्या ॲरेची ओळ एमडीएडीएमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये राहिली असेल तर ती काढावी, आणि बूटच्या वेळी वापरली जाणारी तिची प्रत इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला स्मृतीत चढणाऱ्या छोट्या फाइल संचात) वेगळी असते म्हणून तीही नव्याने तयार करावी: डेबियन घराण्यात 'अपडेट-इनिटरॅमएफएस', फेडोरा घराण्यात 'ड्रॅकट'. नाहीतर यंत्र बूट होताना नसलेल्या ॲरेची वाट पाहत थांबते आणि दोष पुन्हा एसएसडीवर येतो. मदरबोर्डच्या सेटअपमध्ये साटा पोर्ट 'रेड' अवस्थेत असतील, तर आधी तेथील यादीतून जुना ॲरे काढावा आणि ती एसएसडी बूट ड्राइव्ह नसेल तरच पोर्ट 'एएचसीआय'वर न्यावेत. विंडोज 'रेड' अवस्थेत बसवलेले असेल तर हा बदल केल्यावर ते बूट होणे थांबू शकते.